पॉइंट मोजूनही वजन अडलं. आता कॅलरी मोजायच्या का?

आमच्याकडे सल्ल्याला आलेल्या एका बाई : वय ४२, उंची १६० सेंटिमीटर, बैठं काम, संध्याकाळी अर्धा-पाऊण तास चालणं. प्रत्येक पदार्थाला पॉइंट, म्हणजे गुण, देऊन रोजची मर्यादा ठरवणाऱ्या एका ॲपच्या मदतीने तीन महिन्यांत वजन ८४ वरून ७८ किलोवर आलं आणि तिथेच अडलं. सहा आठवडे काटा हलेना. रोजचे २३ पॉइंट त्या काटेकोर पाळत होत्या, ॲपमधली नोंदही तेच सांगत होती. त्यांचा प्रश्न असा : "ही पद्धत माझ्या शरीराला लागू पडत नाही का? मैत्रीण म्हणते, पॉइंट वगैरे सोड, कॅलरी मोज, तेच खरं शास्त्र. बदलू का?" (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

हा प्रश्न नेहमीचा आहे. त्यात एक गैरसमज दडलेला असतो, तो आधी काढावा लागतो. पॉइंट आणि कॅलरी ही दोन वेगळी शास्त्रं नाहीत. पॉइंट कॅलरीतूनच निघतात, फक्त त्यांवर कुणीतरी आपलं मत चढवलेलं असतं.

पॉइंटपद्धत आणणारी वेट वॉचर्स ही वजन उतरवायला मदत करणारी संस्था जीन निडेच यांनी १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू केली, पण अमेरिकेत पॉइंट आले १९९७ मध्ये. पहिलं सूत्र कागदावर सुटण्याइतकं सोपं होतं. पदार्थातल्या कॅलरींना ५० ने भागा. चरबीच्या ग्रॅमना १२ ने भागून त्यात मिळवा. तंतूंच्या (फायबरच्या) ग्रॅमना (फार तर ४ धरून) ५ ने भागून त्यातून वजा करा. आता ३० ग्रॅम बदाम घेऊ : कॅलरी साधारण १७४, चरबी १५ ग्रॅम, तंतू पावणेचार ग्रॅम. साडेतीन अधिक सव्वा वजा पाऊण, म्हणजे ४ पॉइंट. आणि ३३० मिलिलिटर गोड शीतपेय? कॅलरी १३९, चरबी नाही, तंतू नाहीत. २.८, म्हणजे ३ पॉइंट. या हिशेबात मूठभर बदामांपेक्षा साखरपाणी स्वस्त पडत होतं! २०१० मध्ये सूत्र बदललं. २०१५ च्या अखेरीस पुन्हा बदललं. तेव्हा साखर आणि संपृक्त चरबी यांना जादा पॉइंट लागले, प्रथिनांना सूट मिळाली आणि तेच शीतपेय बदामांपेक्षा महाग झालं. पदार्थ तेच, त्यांच्या कॅलरीही त्याच. त्यामुळे कुणी "पॉइंट पाळतो" म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असतो, कोणते पॉइंट?

या बाईंच्या बाबतीत महत्त्वाचा ठरला तो २०१७ च्या अखेरचा बदल. तेव्हा अंडी, कडधान्यं, मासे, कोंबडीचं बिनचरबीचं मांस, बिनसायीचं साधं दही असे दोनशेहून अधिक पदार्थ 'शून्य पॉइंट'च्या यादीत आले, म्हणजे ते मोजायची गरजच उरली नाही. फळं आणि बहुतेक भाज्या आधीपासून होत्याच. त्यामागचा तर्क बरा आहे : हे पदार्थ पोट भरतात, माणूस ते सहसा बेसुमार खात नाही, आणि खाल्ले तर काय, हे गृहीत धरून रोजचे पॉइंट आधीच कमी ठेवलेले असतात. आता इतर अनेक ॲपही अशी यादी वापरतात. तर्कातला 'सहसा' हा शब्द मात्र वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

त्यांना चार दिवस, त्यांतला एक सुट्टीचा, तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट लिहायला सांगितली. पहिल्या दिवशीच्या पानावर सकाळी नऊनंतर थेट दुपारचं जेवण होतं. मधे काही खाल्लं नाही का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दोन केळी खाल्ली. पण ती शून्य आहेत ना? शून्यवालंही लिहायचं असतं का?"

मग लिहिलं. रोजचं सरासरी चित्र असं निघालं : दोन केळी २१०, उकडलेले काबुली चणे २०० ग्रॅम ३३०, तीन अंडी २१५, बिनसायीचं दही पाव किलो १५०, द्राक्षं १५० ग्रॅम १००. बेरीज जवळपास १००० कॅलरी, आणि ॲपच्या लेखी शून्य. पॉइंट लागलेल्या पदार्थांच्या कॅलरी भरल्या साडेनऊशेच्या आसपास. एकूण १९५०.

शरीराचा खर्च किती? त्यासाठी मिफ्लिन-सेंट जोर हे १९९० चं सूत्र आम्ही वापरतो. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. मग बाईंसाठी १६१ वजा करायचे, पुरुषांसाठी ५ मिळवायचे. इथे ७८० + १००० − २१० − १६१ = १४०९. हा नुसत्या विश्रांतीतला खर्च. हलक्या हालचालीसाठी १.३७५ ने गुणलं की १९३७. सूत्राचं उत्तर माणसागणिक शे-दोनशेने इकडे-तिकडे होतंच, तरी आवक-जावक बरोबरीला आली होती हे उघड आहे. शरीर वेगळं नव्हतं, चयापचयही 'मंदावला' नव्हता. तीन महिन्यांपूर्वी त्या एक केळं आणि एक अंडं खात होत्या. पुढे भूक वाढली, फुकट पदार्थ हाताशी होते, ते हळूहळू वाढत गेले. शिवाय पहिल्या काही आठवड्यांतली घट सगळी चरबीची नसते. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साखरेच्या साठ्याबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते आधी जातं. तो वेग पुढे टिकेल ही अपेक्षाच चुकीची.

मग पॉइंट सोडून कॅलरी मोजायच्या का? कायमच्या नाही. दोन आठवडे, तपासणी म्हणून.

पहिला आठवडा खाण्यात काहीही बदलायचं नाही, फक्त मोजायचं. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा लागतो. वाटी आणि चमचा चालत नाही, कारण 'एक वाटी' प्रत्येकाची वेगळी. रिकामं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा, मग पदार्थ घालायचा. सर्वात मोठी चूक होते ती कच्चं आणि शिजलेलं यांच्या गोंधळात. १०० ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३६० कॅलरी असतात आणि १०० ग्रॅम भातात सुमारे १३०, कारण बाकी पाणी. भात तोलून नोंद 'तांदूळ' अशी केली तर जेवण पावणेतीनपट फुगतं. उलट केलं तर तितकंच आक्रसतं. खात्रीचा मार्ग असा : कोरडे २०० ग्रॅम तांदूळ घेतले, कॅलरी ७२०. शिजल्यावर भांड्याचं वजन वगळून भात भरला समजा ६०० ग्रॅम. ताटात १५० ग्रॅम घेतला, म्हणजे चौथा हिस्सा, १८० कॅलरी. पाणी कमी-जास्त पडलं तरी हिशेब चुकत नाही.

तेलाचं वेगळं. ते चमच्याने मोजण्यापेक्षा स्वयंपाकाआधी आणि नंतर बाटलीच काट्यावर ठेवावी. फरक म्हणजे वापरलेलं तेल, दर ग्रॅमला ९ कॅलरी. मोठ्या चमच्याभर, म्हणजे १५ मिलिलिटर तेलात जवळपास १२० कॅलरी असतात आणि लोक बहुतेक वेळा तेच लिहायला विसरतात. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेलं आणि चहा-कॉफीतलं दूध-साखर यांचंही तसंच.

ॲपमधल्या तयार नोंदींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. त्यांतल्या बऱ्याच वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. पडताळा सोपा आहे : प्रथिनं आणि कर्बोदकं यांचे ग्रॅम गुणिले ४, चरबीचे ग्रॅम गुणिले ९, बेरीज करा. दाखवलेल्या कॅलरींच्या जवळपास आली नाही तर ती नोंद टाकून द्या. (तंतू भरपूर असलेल्या पदार्थांत आणि मद्यात ही बेरीज थोडी हलते.) आणि घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी 'कमावल्या' म्हणून खाऊ नयेत. वरच्या १.३७५ मध्ये चालणं आधीच धरलेलं आहे, दुसऱ्यांदा कसलं धरता?

इतकं करूनही आकडा अचूक निघत नाही, हेही माहीत असावं. २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी बदाम खाऊ घालून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा २८ ग्रॅममधून अंगी लागलेल्या कॅलरी १२९ निघाल्या. नेहमीच्या हिशेबाने त्या १७० धरल्या जात. म्हणून १४८३ आणि १५१० यांतल्या फरकावरून स्वतःला छळू नये. मोजणीचा उपयोग ५०० ची गळती सापडावी यासाठी आहे.

अशी गळती न दिसणं हा आळशीपणाचा पुरावा नाही, हे आम्ही आवर्जून सांगतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात '१२०० कॅलरी खाऊनही वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या मंडळींचं प्रत्यक्ष खाणं मोजलं. सांगितलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं, आणि त्यांचा चयापचय ठीक होता. ती माणसं खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात लक्ष्य ठरलं १५००. खर्चातून साडेचारशे वजा, त्याहून खाली नाही. देखरेखीशिवाय बाईंनी १२०० आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये, हा नेम आम्ही मोडत नाही. प्रथिनं ८० ते ९० ग्रॅम. वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी करायचं. पण तुलना करायची ती सात दिवसांच्या सरासरीची गेल्या सात दिवसांच्या सरासरीशी. पाळीच्या आधी पाण्यामुळे एक-दोन किलो वाढणं नेहमीचं आहे, त्यामुळे बाईंनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहावं. या बाई आठवड्यातून एकदाच, सोमवारी वजन करत होत्या, रविवारच्या खारट जेवणाच्या दुसऱ्या दिवशी.

दोन आठवड्यांनंतर त्या पॉइंटवरच परतल्या, कारण रोज काटा घेऊन बसण्याचा त्यांना कंटाळा आला होता. फक्त शून्याच्या यादीला कुंपण घातलं : दिवसाला दोन फळं, अंडी किंवा चणे यांपैकी एकच, दोन अंडी किंवा शिजलेले १०० ग्रॅम चणे, दही एक वाटी, आणि ती वाटी एकदा तोलून पक्की केलेली. पालेभाज्या, काकडी, टोमॅटो यांना मर्यादा नाही. फळ चावून खायचं, मिक्सरमधून काढलं तर पॉइंट लावायचे. दर महिन्याला तीन दिवस पुन्हा तोलून पाहायचं. पुढच्या आठ आठवड्यांत सरासरी अडीच किलोंनी उतरली. एक किलो चरबीमागे ७७०० कॅलरी या ठोकळ हिशेबाने तीनहून थोडी जास्त उतरायला हवी होती. पण वजन घटलं की खर्चही घटतो, आणि साडेचारशेची तूट रोजच्या रोज कुणालाच साधत नाही. अडीच ठीक आहे.

याच्या नेमकं उलट प्रकरणही येतं. एक गृहस्थ कॅलरी मोजण्यात पक्के होते, रोज १८००, तोलून-मापून, वजनही उतरत होतं. पण संध्याकाळी सातला भुकेने जीव जाई आणि चिडचिड इतकी की घरचे कंटाळले. नोंदी पाहिल्या तर त्या १८०० मधले सातशे बिस्किटं आणि गोड पेयांत जात होते. कॅलरीच्या हिशेबाला यात काहीच खटकत नाही. पोटाला खटकतं. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थ समान कॅलरींच्या, सुमारे २४० कॅलरींच्या वाढपात देऊन तृप्ती मोजली होती. उकडलेला बटाटा सगळ्यांत वर आला, क्रोसाँ (लोण्याचा पापुद्री फ्रेंच पाव) सगळ्यांत खाली. या गृहस्थांना साखरेला दंड आणि प्रथिनांना सूट देणारी पॉइंटपद्धत मानवली. एकूण कॅलरी तेवढ्याच राहिल्या, संध्याकाळचा तिढा तीन आठवड्यांत सुटला.

त्यामुळे "कोणती चांगली" यापेक्षा आम्ही विचारतो : अडचण किती खाता यात आहे की काय खाता यात? आकडा ठाऊकच नसेल तर थोडे दिवस कॅलरी. आकडा पक्का आहे पण भूक आवरत नाही, तर पॉइंट. दोन्ही एकत्र, दोन ॲपमध्ये, कायम? नको. आठवड्याभरात दोन्ही सुटतात.

काहींना यातलं काहीच देत नाही. पूर्वी खाण्याचा विकार झालेला असेल, मोजलं नाही म्हणून जेवण टाळलं जात असेल, जास्त खाल्ल्यावर उपास किंवा उलटी करावीशी वाटत असेल, तर कॅलरी आणि पॉइंट दोन्ही बंद, आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांची भेट. गरोदर असताना वजन उतरवायला घेऊ नये. बाळाला अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी केल्यावर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. त्यामुळे कपातीच्या आधी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी, आणि पहिले काही आठवडे घरी साखर अधिक वेळा मोजावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उभं राहताना चक्कर येऊ लागली तर तेही डॉक्टरांना लगेच कळवावं.