फौंड्रीच्या स्टॉक-बिलिंगचा पोस्टग्रेस डेटाबेस व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या मशीनच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) ठेवला तर चालतो का?

चालतंय की ओ, बिनधास्त ठेवा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचा लोड तो केवढा, व्हीएममुळं थोडं स्लो झालं तरी कुणाला कळणारबी नाही. खरा घोटाळा रॅमचा असतोय, होस्टवर (व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनवर) आहे त्यापेक्षा जास्त वाटून ठेवलेली असते, मग बलूनिंग (होस्टनं व्हीएमची रॅम परत ओढून घेणं) सुरू होतं आणि डेटाबेस ज्या मेमरीच्या भरवशावर बसलाय तीच काढून घेतली जाते, म्हणून ह्या व्हीएमची रॅम पूर्ण रिझर्व्ह करून टाका. व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर केव्हीएम (लिनक्समधलं) असेल तर डिस्क व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच बनवलेला वेगवान ड्रायव्हर) प्रकारची घ्या, पण कॅश मोड 'अनसेफ' अजिबात नको, त्यात फ्लशकडं (डेटा खरोखर डिस्कवर लिही, ह्या हुकुमाकडं) दुर्लक्ष होतं, पोस्टग्रेसला वाटतंय कमिट (पक्की केलेली नोंद) डिस्कवर गेलं आणि इकडं लाईट गेली की बसा बोंबलत (आपल्याकडचा पावसाळा काय सांगायला नको). यूपीएस हवाच.

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) म्हणजे बॅकअप नव्हे, तो बहुतेक त्याच स्टोअरेजवर पडून असतो. रोज पीजी-बेसबॅकअप (पोस्टग्रेसचं स्वतःचं पूर्ण बॅकअप घ्यायचं टूल) घ्या, वॉल फाइल्स (प्रत्येक बदलाची नोंद असलेल्या पोस्टग्रेसच्या फाइल्स) दुसऱ्या मशीनवर आर्काइव्ह करा, आणि अधूनमधून रिस्टोअर करून बघा की.

आणि व्हीएमवर 'टॉप' कमांडमध्ये (सीपीयूचा वापर दाखवणारी) 'एसटी'चा आकडा, म्हणजे ह्या व्हीएमला हवा असताना होस्टनं न दिलेला सीपीयूचा वेळ, सारखा वर दिसला तर क्वेऱ्या ट्यून करत बसू नका, होस्टवरच गर्दी झालीय, तिथल्या ॲडमिनला धरा.