घरी पत्र सुरेख आणि पेपरात निम्मे गुण: आमच्याकडे काय चुकलं होतं

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा उघडून वाचली. मुलगा नववीत, व्याकरण बरं आहे, घरी लिहिलेली इंग्रजी पत्रं, भाषणं, रिपोर्ट सगळं नीटनेटकं. तरी परीक्षेत लेखनाच्या प्रश्नांना निम्मे गुणही मिळत नाहीत. "एवढा सराव करूनही असं का?" हे तुमचं वाक्य दोन वर्षांपूर्वी मी बहिणीला फोनवर अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. माझ्या मुलीबरोबर दोन वर्षं या विषयाशी झटापट केली, त्यातून जे हाती लागलं तेवढंच सांगते आहे. तुमच्या शाळेची गुण देण्याची पद्धत वेगळी असू शकते, ती शाळेतच विचारून घ्या. पत्ता कुठे, तारीख कुठे, रिपोर्टला हेडलाइन, भाषणाला सुरुवातीचं अभिवादन हे मुलाला येत असणारच. त्यात शिरत नाही.

तुम्ही ओघात लिहिलेली एक ओळ मात्र मला टोचली. "मी प्रत्येक पत्र तपासते, सुधारते आणि त्याच्याकडून पुन्हा फेअर लिहून घेते." माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

मुलीची लेखनाची वेगळी वही होती. ती लिहायची, मी लाल पेन घेऊन बसायचे. चूक दिसली की खोडून वर बरोबर शब्द. वाक्य लंगडं वाटलं की अख्खं वाक्य माझं. मग ती ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. वही बघून कोणीही कौतुक करावं अशी. वर्षभर मी या वहीला सराव म्हणत होते. खरं तर सराव माझा होत होता, तिचा होत होता तो हस्ताक्षराचा.

एक पान अजून माझ्याकडे आहे. त्या वर्षी त्यांच्या शाळेच्या ग्रंथालयात पाणी शिरलं होतं आणि भिजलेली पुस्तकं वाळत घालायला मुलांना बोलावलं होतं. त्यावर तिने मैत्रिणीला पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'ऑल द बुक्स वॉज स्लीपिंग ऑन द फ्लोअर अंडर द फॅन'. मी ते पूर्ण खोडलं आणि वर लिहिलं, 'मेनी बुक्स वेअर सिव्हिअरली डॅमेज्ड ड्यू टू वॉटर'. व्याकरणाने माझं वाक्य निर्दोष. पण पंख्याखाली ओळीने आडवी पडलेली पुस्तकं त्यातून गेली. ती तिने डोळ्यांनी पाहिली होती आणि मैत्रिणीला तेच सांगायचं होतं. चूक होती एका 'वॉज'ची, तिथे 'वेअर' हवं होतं. एका शब्दासाठी मी तिचं बोलणं काढून घेतलं. हे पान आज पाहिलं तरी वाईट वाटतं.

याचा परिणाम लगेच दिसला नाही. हळूहळू ती छोटी, सुरक्षित, पाठ असलेली वाक्यं लिहायला लागली, कारण त्यांच्यावर लाल पेन फिरत नव्हतं. मला वाटलं, सुधारणा होते आहे.

आणि मग सहामाहीचा पेपर. प्रश्न असा होता: शाळेच्या ग्रंथालयासाठी मागवलेल्या पुस्तकांपैकी काहींची पानं गायब आहेत, विक्रेत्याला तक्रारीचं पत्र लिहा. आमच्या वहीत तक्रारीचं एकच पत्र होतं, रस्त्यावरचे दिवे बंद असल्याचं, अधिकाऱ्यांना उद्देशून. तिने ते पाठ केलं होतं. पेपरात तेच उतरलं, दिव्यांच्या जागी पुस्तकं घालून. विद्यार्थ्यांना 'ग्रेट हार्डशिप' सोसावी लागते आहे, दोषींवर 'स्ट्रिक्ट ॲक्शन' घ्यावी, वगैरे. कोणती पुस्तकं, किती प्रती, कधी मागवली, कोणती पानं नाहीत, आता बदलून हवीत की पैसे परत हवेत, यातलं एक अक्षर नाही. दुकानदाराने ते पत्र वाचून करायचं तरी काय? भाषेच्या चुका जवळजवळ शून्य आणि गुण 5 पैकी दीड. बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं: 'हू इज रीडिंग धिस?'

मी त्या शेऱ्यावर चिडले होते. दोन दिवसांनी शांतपणे ते पत्र विक्रेता होऊन वाचलं, तेव्हा पटलं.

इथे थोडा राग व्यक्त करते, माफ करा. त्या वर्षी आम्ही एका क्लासलाही पैसे भरले होते. तिथे लेखन शिकवायचं म्हणजे तयार पत्रांचा आणि भाषणांचा झेरॉक्सचा गठ्ठा हातात द्यायचा आणि दर शनिवारी त्यातलं एक पाठ म्हणून घ्यायचं. मुलांनी लिहिलेलं कोणी वाचतच नव्हतं. आराखडा बरोबर असला की टिक. मी विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "विषय फिरून फिरून तेच येतात हो." विषय येत असतील तेच. पण वाचणारा बदलतो, कारण बदलतं, आणि त्याबरोबर सगळं पत्र बदलतं. पन्नास पत्रं पाठ असलेलं मूल एकावन्नाव्या प्रश्नासमोर हात बांधल्यासारखं बसतं. तयार नमुने अजिबात वाचू नयेत असं माझं म्हणणं नाही. एकदोन जरूर वाचावेत, पण पाठ करायला नाही, पेन्सिल घेऊन 'हे वाक्य इथे कशासाठी आहे' हे शोधायला.

मग आम्ही काय केलं ते सांगते.

पहिली गोष्ट, मी लाल पेन ठेवून दिलं. चूक असलेल्या ओळीसमोर समासात फक्त एक ठिपका. चूक काय आहे ते सांगायचं नाही, शोधायचं तिने. सुरुवातीला एका ओळीला दहा मिनिटं लागायची आणि तिची चिडचिड व्हायची. साधारण महिन्याने निम्म्या चुका मी पान बघण्याआधी तीच शोधू लागली. आणि एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुकीला ठिपका. एक आठवडा फक्त 'अ', 'ॲन', 'द', कारण मराठीत हा प्रकारच नाही, तो राहून गेला तरी मुलांच्या कानाला कळत नाही. पुढच्या आठवड्यात फक्त काळ. बाकीच्या चुका दिसल्या तरी गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.

दुसरी गोष्ट, पेन उचलायच्या आधी ती मला मराठीत सांगायची: हे कोण वाचणार, त्याला आधीपासून काय माहीत आहे, आणि वाचून झाल्यावर त्याने काय करायला हवं. तीन उत्तरं, मिनिटभरात. विक्रेत्याला पुस्तकं बदलून पाठवायची आहेत. संपादकाला तुमचा रस्ता दुरुस्त करायचा नाही, तो फक्त पत्र छापणार आणि वाचणार बाकीचे लोक, म्हणून पटवायचं त्यांना. ही गफलत फार मुलं करतात, संपादकालाच 'कृपया कारवाई करा' म्हणून मोकळी होतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि तुमच्याकडे वेळ कमी असेल तर बाकी सोडून ही एकच करा. विषय एक, प्रकार तीन. आम्ही तेच ग्रंथालयातलं पाणी घेतलं. मैत्रिणीला पत्र, शाळेच्या मासिकासाठी रिपोर्ट आणि खालच्या वर्गातल्या मुलांसमोर पुस्तकं जपण्याबद्दल भाषण. तिन्हींत माहिती तीच. पण 'झोपलेली पुस्तकं' पत्रात राहिली, भाषणात तिने त्याचा प्रश्न केला ("तुम्ही कधी जमिनीवर झोपलेली पुस्तकं पाहिली आहेत का?") आणि रिपोर्टमधून ती स्वतःहून काढली. का काढली विचारलं तर म्हणाली, "तिथे किती पुस्तकं आणि ग्रंथालय कधी उघडणार हे हवं ना." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हिला आता कळलं.

रिपोर्टबद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या मुलाचे सर्वांत कमी गुण त्यातच आहेत. मुलं रिपोर्ट गोष्टीसारखा लिहितात. सकाळ झाली, पाऊस पडत होता, आम्ही शाळेत गेलो. तिच्या पहिल्या रिपोर्टमध्ये 40 पुस्तकं भिजली आणि ग्रंथालय आठवडाभर बंद राहणार ही बातमी चौथ्या परिच्छेदात होती. खरं तर काय झालं, कुठे, कधी, कोणाचं, हे पहिल्या एकदोन वाक्यांत यायला हवं. कारणं आणि तपशील त्यानंतर, आणि सगळ्यात कमी महत्त्वाचं शेवटी. बातमीला जागा कमी पडली तर ती शेवटाकडून कापतात, हे सांगितल्यावर तिला हा क्रम चटकन पटला. ती म्हणाली, "म्हणजे पहिली दोनच वाक्यं छापली तरी कळायला पाहिजे." मग तोच आमचा नियम झाला: पहिली दोन वाक्यं सोडून बाकी झाकायचं आणि बातमी कळते का बघायचं. मुख्याध्यापकांना द्यायचा रिपोर्ट मात्र वेगळा. त्यात काय आढळलं ते मुद्द्यांनी आणि शेवटी सूचना. प्रश्नात कोणाला द्यायचा आहे ते दोनदा वाचायला सांगा.

रिपोर्टमध्ये मराठी मुलांची एक हमखास चूक होते, ती मला फार उशिरा समजली. आपण म्हणतो, "ग्रंथपाल म्हणाल्या की पुस्तकं दोन दिवसांत वाळतील." मराठीत 'वाळतील' तसंच राहतं. इंग्रजीत 'सेड' आलं की पुढचं 'विल' बहुतेक वेळा 'वुड' होतं, 'इज'चं 'वॉज' होतं. शिवाय आपण "ती म्हणाली की मी येते" असं बिनदिक्कत बोलतो, इंग्रजीत तिथे 'आय' ठेवला तर रिपोर्ट लिहिणारीच येणार आहे असा अर्थ होतो. रिपोर्टमध्ये कोणाचं तरी म्हणणं असतंच, म्हणून ही चूकही प्रत्येक रिपोर्टमध्ये. व्याकरणाच्या वहीत तिला डायरेक्ट-इनडायरेक्टचे सगळे नियम येत होते. स्वतःच्या लिखाणात तेच वापरायचे आहेत हे कोणी जोडून दाखवलं नव्हतं, मीही नाही.

भाषण कागदावर सुरू करू नका. मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करू दे, मोडक्या इंग्रजीत चालेल, अडलं तिथे मराठी शब्दही चालेल. मग ऐकून लिहू दे. लिहिताना तीस शब्दांची वाक्यं करणारी मुलगी बोलताना आपोआप आठ-दहा शब्दांची करत होती, मध्ये थांबून समोरच्यांना विचारत होती. भाषण कानांसाठी असतं हे सांगून समजत नाही, ऐकून समजतं. आणखी एक हिशोब: सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला साधारण 120 ते 150 शब्द बोलतो. म्हणजे 150 शब्दांचं भाषण जेमतेम सव्वा मिनिटाचं. त्यात पाच मुद्दे बसत नाहीत. दोन घ्यावेत आणि प्रत्येकाला एक खरं उदाहरण द्यावं. आमच्याकडे आधी सात मुद्दे असायचे, एकेका वाक्याचे, यादी वाचल्यासारखे.

पत्राबद्दल थोडक्यात. 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असेल तर शेवटी 'युअर्स फेथफुली', नाव घालून संबोधलं असेल तर 'युअर्स सिन्सिअर्ली', ही ब्रिटिश रीत. मुलीने "आपला विश्वासू म्हणजे फेथफुली" असं धरून ठेवलं आणि पुन्हा चुकली नाही. 'युअर्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी नसतो. औपचारिक पत्रात हात जोडून विनवण्या नकोत. आपल्या जुन्या अर्जांतली "नम्र विनंती", "कृपाभिलाषी" ही वळणं इंग्रजीत आणली की पत्र लांबतं आणि मुद्दा हरवतो. एकदा 'प्लीज' पुरतं. हे माझं मत झालं, शाळेत वेगळं सांगितलं असेल तर शाळेचं ऐका.

किरकोळ दोन गोष्टी. मुलाला स्वतःच्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते एकदाच मोजून ठेवू दे, मग पेपरात शब्द मोजत बसावं लागत नाही, ओळी मोजल्या की झालं. आणि प्रश्नात नाव-पत्ता दिलेला असेल तर तोच वापरायचा, स्वतःचा नाही. आमच्याकडे सवयीने खरं नाव लिहिलं गेलं होतं.

परीक्षेला तीन आठवडे आहेत म्हणालात. आठवड्याला एक विषय, तिन्ही प्रकारांत, घड्याळ लावून. दुसऱ्या दिवशी वही न उघडता त्यातला एक प्रकार पुन्हा लिहायचा. तेवढं पुरे, रोज नवं पत्र नको. पहिल्या आठवड्यात लिखाण आधीपेक्षा वाईट दिसेल, कारण तुमची वाक्यं त्यात नसतील. तेव्हा लाल पेन हातात घ्यावंसं वाटेल, मला रोज वाटायचं.

त्याने एकट्याने लिहिलेला, तुम्ही हात न लावलेला एखादा रिपोर्ट नाव आणि शाळा काढून इथे टाकलात तर मी बघते. फक्त ठिपके लावून देईन.