डायरी तिची तिलाच लिहू द्या

नमस्कार. तुमची मुलगी लॉच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात चौथ्या वर्षाला आहे, ६१ टक्के आहेत, आणि ‘न्यायाधीशाच्या परीक्षेचा क्लास लावायचा सोडून कॉलेजच्या विधी साहाय्य केंद्रात लोकांचे अर्ज खरडत बसते’ ही तुमची तक्रार. गुणांची मला अजिबात काळजी वाटत नाही. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज जे लिहून गेलात, तिथे मात्र मी अडखळले: ओळखीच्या वकिलांनी इंटर्नशिपची डायरी भरून द्यायचं कबूल केलंय, म्हणजे तिचे चार आठवडे वाचतील.

असं करू नका. ती डायरी खोटी असेल, आणि जिला तुम्ही न्यायासनावर बसलेलं पाहू इच्छिता तिच्याच सहीने ती कॉलेजात जाईल. ‘आधी तयार नव्हती, मी समजावलं’ असंही तुम्ही लिहिलंय. तिचं पहिलं उत्तर बरोबर होतं, ते तुम्ही मोडून काढलंत. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार या मुलांनी दोन खटले कोर्टात बसून पाहायचे असतात, वकील पक्षकाराशी कसा बोलतो ते पाहून नोंदवायचं असतं. डायरी असते ती यासाठी.

‘वकिलीची सनद मिळाली की हे सगळं आपोआप येतं’ हा समज तर फारच पसरलाय. चेक न वटण्याबद्दलचं कलम १३८ तोंडपाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत. चेक न वटलेला माणूस समोर येतो तेव्हा तो कलमापासून सुरुवात करत नाही. मित्राने कसं फसवलं तिथून करतो. पिशवीतून कागद निघत राहतात आणि चेक परत आल्याचा बँकेचा मेमो चार घड्या घालून तळाशी असतो. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी, नोटीस पोचल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, तरीही दिले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात तक्रार. त्याला बोलू देत देत ती तारीख काढून घ्यायची, काही लपवतोय असं वाटलं तर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचा, आणि मग पानभरात मुद्देसूद लिहायचं. हे करूनच येतं. केंद्रात चुकलं तर शेजारचे वकील दुरुस्त करतात. सनदेनंतर चुकलं तर मुदत पक्षकाराची जाते.

एक चौकशी जरूर करा: मुलांचं काम तपासायला तिथे अनुभवी वकील बसतात ना? नसतील तर सल्ला देणं तिने थांबवावं.

परीक्षेचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातले नियम वाचा. क्लासची आज घाई नाही.

त्या वकिलांना आजच फोन करून नको म्हणून सांगा, आणि सांगितल्याचं मुलीलाही कळू द्या.