किशोरवयीन मुलांसाठी इतिहासाचं पुस्तक लिहितोय. संवाद कल्पून घातले तर चालतात का? आणि पुस्तक किती पानांचं असावं?

नाही चालत. मी घालून बसलोय, म्हणून सांगतो.

सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे १९३० साली इंग्रजांनी तिथं लावलेल्या लष्करी कायद्यावर, मी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी छोटं पुस्तक लिहिलं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. दारूच्या विरोधात शिंदीची झाडं तोडली, गोळीबार झाला, मंगळवार पेठेतली चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले. त्या पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. यात वरून मसाला कशाला हवा? पण संपादक म्हणाले, "मुलांना रडू आलं पाहिजे. आदल्या रात्रीचा कोठडीतला एक संवाद टाका." आणि त्याच दमात, "ते दोन पोलिसांचं काढा, मुलं गोंधळतात." पहिलंच पुस्तक होतं. दोन्ही केलं.

मग एका शाळेत तोच संवाद वाचून दाखवला. वर्ग चिडीचूप, मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरची नववीतली मुलगी उठली. "सर, कोठडीत तेव्हा अजून कोण होतं?" का गं? "नाही, हे बोलणं लिहून कुणी ठेवलं?" मी काहीतरी पुटपुटलो. ती बसली नाही. "आणि फाशी कुठल्या गुन्ह्याची? तुम्ही लिहिलंच नाही." मी डस्टर उचलून कोरा फळा पुसला.

गोंधळली होती का ती? गोंधळ संपादकांच्या डोक्यात होता. चौदा वर्षांच्या पोरांना खून, खटला सगळं कळतं, फसवलेलं तर लगेच कळतं. रडवायचंच असेल तर तारीख नीट सांगा. १२ जानेवारी म्हणजे गड्ड्याच्या, सोलापूरच्या संक्रांतीतल्या यात्रेच्या तोंडावर. इथल्या पोराला एवढं पुरतं, पाळणे डोळ्यांसमोर येतात.

हां, कादंबरी लिहीत असाल आणि मुखपृष्ठावर तसं छापणार असाल, तर संवाद खुशाल घाला. आणि पानांचं म्हणाल तर माझं ९६ पानांचं होतं. ते प्रकाशकाच्या कागदाच्या हिशेबानं ठरतं.

उरलेल्या प्रती माझ्याकडेच आहेत. कुणी मागितली तर तो संवाद पेनानं खोडून आणि समासात दोन पोलिसांची ओळ लिहून देतो.