कॅरॅमल करपत नाही

कोलाच्या बाटलीवरच्या 'कॅरॅमल रंगा'ला मराठीत 'करपलेल्या साखरेचा रंग' म्हणावं का, असा प्रश्न आला आहे.

कृपा करून म्हणू नका. पाककृतींच्या व्हिडिओंत 'साखर करपवून घ्या' ऐकून कान किटले. करपतं ते दूध, करपते ती भाकरी. आपलं लक्ष नसताना, आणि मग ती वाया जाते. कस्टर्डसाठी साखर आपण मुद्दाम जाळतो, तांबूस झाली की लगेच आच बंद करतो. ती जाळलेली साखर. कोलातला रंग (खाद्यरंगाचा क्रमांक १५०डी) तर नुसत्या जाळलेल्या साखरेचाही नसतो. साखर तापवताना तिच्यात अमोनिया आणि सल्फाइट यांची संयुगं घालतात, म्हणून तो कोलाच्या आम्लात टिकतो, गाळ होऊन तळाशी बसत नाही.

पण खरी गोडी शब्दाच्या मुळात आहे. लॅटिनमध्ये 'कालामुस' म्हणजे बोरू (ज्याची लेखणी करतात ती पोकळ काडी), 'कालामेल्लुस' म्हणजे छोटा बोरू. त्याचं पोर्तुगीजमध्ये 'कारामेलो' झालं. पोर्तुगीजमध्ये हा शब्द गोठलेल्या पाण्यालाही आहे! वळचणीला लोंबणारी बर्फाची कांडी आणि साखरेची कांडी, दोन्ही बोरूच्या घाटाच्या.

कित्येक कोश मात्र 'कान्नामेल्ला' (ऊस) या शब्दाकडे बोट दाखवतात. उसातून साखर येते, एवढ्यावरच ते भुलले आहेत. 'कान्ना'तल्या 'न'चा 'र' कसा झाला, ते आधी सांगा म्हणावं. उलट 'कालामेल्लुस'मध्ये जवळजवळ आलेल्या दोन 'ल'पैकी एकाचा 'र' होणं अगदी स्वाभाविक. आपल्याकडे 'दरिद्र'मधल्या दोन 'र'पैकी एक बदलून 'दळिद्र' झालंच ना? अरबी 'गोड मिठाचा गोळा' ही व्युत्पत्ती तर निव्वळ कानाला लागलेला भास आहे.

आणि आता सगळ्यात सुंदर भाग. लॅटिन 'कालामुस' आला ग्रीक 'कालामोस'वरून, आणि त्याच ग्रीक शब्दाचं अरबीत 'कलम' झालं. फारसीच्या वाटेने ते मराठीत आलं आणि इथे इतकं रुजलं की दौतीशेजारचं कलमदान, जुन्या (२०२४ पर्यंतच्या) दंडविधानातलं कलम ३०२ आणि रत्नागिरीच्या बागेतला कलमी हापूस, सगळे त्याच बोरूच्या बेटातले. कॅरॅमल या सगळ्यांचं चुलत भावंड आहे.