डिझेल पंपाचा मागचा स्क्रू फिरवून गेलेली ताकद परत येते का?

आपल्या गाडीचे टर्बोचे जुने डिझेल इंजिन पूर्वी चांगले ओढत असे, आता चढावर ओढत नाही, धूरही दिसत नाही; त्यावर रोटरी पंपाच्या (सर्व सिलिंडरना एकाच पंपिंग भागातून डिझेल वाटणाऱ्या पंपाच्या) मागचा, पूर्ण भाराला किती डिझेल जावे हे ठरवणारा स्क्रू आत घ्या असे कोणी सुचवले आहे आणि तो किती फिरवावा, असे आपण विचारले आहे. डिझेल पंपांच्या दुरुस्तीचे काम करणारा म्हणून माझे मत असे की, तूर्त त्याला हात लावू नये. तो स्क्रू लॉक नटने आवळलेला असतो आणि आपोआप फिरत नाही, त्यामुळे पूर्वी असलेली ताकद आता कमी झाली असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

धूर नसताना ताकद नसणे याचा अर्थ बहुधा डिझेलच कमी पोहोचत आहे. फिल्टर तुंबलेला आहे का, टाकीकडून येणारी नळी कुठे हवा ओढते का, हे प्रथम पाहावे. मग इंजिन बंद ठेवून एकाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगावे आणि पंपावरील लिव्हर शेवटच्या स्टॉपला टेकतो की नाही हे डोळ्यांनी पाहावे. केबल सैल झाल्यामुळे तो टेकत नाही, असे पुष्कळदा आढळते. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डकडून पंपाच्या डोक्यावरील डायफ्रामकडे (हवेच्या दाबाने हलणाऱ्या पडद्याकडे) जाणारी बारीक नळी तर अवश्य तपासावी. ती चिरली असेल तर टर्बोचा दाब डायफ्रामपर्यंत पोहोचत नाही आणि पंप डिझेल वाढवतच नाही. काळा धूर येत असता तर मी एअर फिल्टर, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आणि टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) यांच्याकडे वळलो असतो.

हे सर्व ठीक असूनही डिझेल वाढवायचेच असेल, तर इंजिन बंद करून स्क्रू आणि पंप यांवर समोरासमोर खूण करावी, शक्य असल्यास स्क्रूचा बाहेर राहिलेला भाग मोजून लिहून ठेवावा, लॉक नट सैल करून स्क्रू फक्त एक अष्टमांश फेरा आत घ्यावा आणि नट पुन्हा आवळावा. स्क्रू आत गेल्याने आयडलिंगही (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने चालते तो वेग) वाढते, म्हणून ते त्याच्या वेगळ्या स्क्रूने पूर्ववत करावे. कमाल वेगाच्या स्क्रूला मात्र मुळीच हात लावू नये. चाचणी भार असतानाच घ्यावी, कारण गाडी उभी असताना नुसती रेस दिल्यास गव्हर्नर (इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा पंपातील भाग) लगेच डिझेल कमी करतो आणि पूर्ण भाराची मात्रा कळतच नाही.

कुठे थांबायचे हे हवा ठरवते. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने सुमारे १४.५ किलो हवा पुरते, पण सिलिंडरमध्ये ती सारखी मिसळत नसल्याने धूर टाळायला १८ ते २० किलो लागते. त्यापुढे ओतलेले डिझेल ताकद न देता काजळी आणि उष्णता देते, आणि त्या उष्णतेने पिस्टन व टर्बो खराब होतात. एक्झॉस्टचे तापमान टर्बोच्या आधी मोजता येत असेल, तर ते सतत ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू न देणे मी पसंत करतो. पूर्ण भारावर काळा धूर टिकून राहिला की आधीच्या खुणेकडे परत जावे.

स्क्रू फार आत गेला तर ॲक्सिलरेटर सोडल्यावरही गव्हर्नर डिझेल पुरेसे कमी करू शकत नाही आणि इंजिन रेसवरच राहते, म्हणून किल्ली बंद करताच ते खात्रीने थांबते का, हे काम सुरू करण्यापूर्वीच तपासावे. चालू इंजिनाच्या नोझलची नळी सैल करून तिथे बोट नेऊ नये; त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब डॉक्टरांकडे जावे लागते.

आपला पंप रोटरी नसून इनलाइन निघाला, तर वरील कृती त्याला लागू नाही. त्यात प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) वेगळा असतो आणि सर्वांची मात्रा समान करण्याचे काम टेस्ट बेंचवर, ठरावीक स्ट्रोकमध्ये पडलेले डिझेल मापून करावे लागते. तो पंप सील न तोडता कॅलिब्रेशनला द्यावा.