टॉप-अप घ्यावा की पर्सनल लोन? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, स्वतःचं रो-हाऊस आहे, २०१७ ला होम लोन काढलेलं. अजून १४ लाख बाकी आहेत आणि १२ वर्षं. व्याज ९.४ टक्के चाललंय, दुसरी बँक ८ टक्क्यांनी घ्यायला तयार आहे, वर ५ लाख टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, पण देतो म्हणतायत साडेआठनी. घराचं काम काढायचंच आहे, गच्चीतून पाणी मुरतंय, हॉलच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे पडतायत, शिवाय किचनला ट्रॉली करायच्यात. ह्यांचं म्हणणं टॉप-अपच घेऊ, हप्ता साडेपाच हजारच वाढतो. भाऊ म्हणतो १३ टक्क्यांनी पर्सनल लोन मिळतंय, चार वर्षांत मोकळे व्हा. सासूबाई म्हणतात सोनं कपाटात कशाला ठेवलंय. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, यात दोन वेगळे निर्णय आहेत आणि बँकेच्या माणसाने ते एका फॉर्मवर आणून ठेवलेत. जुनं कर्ज हलवायचं का हा एक, आणि कामाला पैसे कुठून आणायचे हा दुसरा.

पहिलं सोपं आहे. ९.४ चं ८ झालं तर तुमचा साधारण १६,२५० चा हप्ता १५,१५० वर येतो, म्हणजे महिना अकराशे वाचले. हप्ता तोच ठेवलात तर कर्ज सव्वा वर्ष आधी फिटतं. पण आधी स्वतःच्याच बँकेत जाऊन विचारा. २०१७ चं लोन म्हणजे बहुतेक एमसीएलआरवालं, बँक स्वतःच्या खर्चावरून दर ठरवते तसलं, असणार. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावं लागतं, बहुतेकांनी ते रेपोलाच, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्यालाच जोडलंय, आणि २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून एवढ्यातच रेपो एक टक्क्याने उतरला. जुन्या गिऱ्हाइकाला आपण होऊन कोणी सांगायला येत नाही, अर्ज करून थोडी फी भरली की रेपोवर टाकतात. ८ च्या जवळपास आणून देत असतील तर हलूच नका, कारण हलवायचं म्हटलं की प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची निबंधक कार्यालयातली नोंद) हे सगळं परत आलं. दुसऱ्या बँकेकडून हा सगळा खर्च एका कागदावर लिहून घ्या, तोंडी 'काही नाही हो मॅडम' चालणार नाही.

आता ५ लाख. तुमच्या मिस्टरांचा साडेपाच हजाराचा हप्ता बरोबर आहे, पण तो १२ वर्षांचा आहे. त्यात व्याजच जवळजवळ ३ लाख जातं. भावाचं १३ टक्केवालं चार वर्षांचं लोन धरलं तर हप्ता १३,४०० च्या वर बसतो, पण व्याज एक लाख ४४ हजार. म्हणजे साडेआठवालं महाग आणि तेरावालं स्वस्त! सगळा खेळ मुदतीचा आहे, आणि हप्ता किती एवढंच विचारणाऱ्या घरात तो लक्षात येत नाही.

म्हणून टॉप-अप घ्या, पण त्याचं खातं वेगळं आणि मुदत पाच वर्षांची मागा. हप्ता १०,२५० च्या आसपास, व्याज एक लाख १५ हजार, दोघांपेक्षा कमी. काही बँका मुदत मूळ कर्जाएवढीच करून टाकतात. तसं झालं तरी फ्लोटिंग असेल तर मधे पैसे भरायला दंड नाही, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, पण दर महिन्याला आपणहून जास्त भरणारी माणसं मी फार कमी बघितलीत.

दहा हजार जड जात असतील तर काम तोडा. गच्ची आधी, ती थांबवून चालत नाही, पावसाळा आला की ओल परत चढणार, आणि आत कितीही भारी पुट्टी मारा, वरचा कोबा फुटलेला असला तर दोन वर्षांत तेच पोपडे. ट्रॉली थांबू शकतात. गच्ची, गिलावा, रंग मिळून २ लाखांत बसलं तर पाच वर्षांचा हप्ता ४,१०० होतो, त्यातले अकराशे व्याजदर उतरल्यामुळे वाचलेलेच. गवंड्याच्या अंदाजावर दहा-पंधरा टक्के वर धरा, जुना कोबा उकरल्याशिवाय खाली काय आहे ते त्यालाही दिसत नाही.

सोन्याचं म्हणाल तर सहा-आठ महिन्यांत पैसे येणार असतील, भिशी किंवा बोनस, तरच. बरीचशी गोल्ड लोन वर्षाची असतात आणि मग नुसतं व्याज भरून रिन्यू करत बसतो आपण.

एक महत्त्वाचं, व्हॅल्युअर येऊन जाईपर्यंत हातोडा लावू नका. तो टेप घेऊन खोल्या मोजतो, फोटो काढतो आणि महापालिकेच्या मंजूर नकाशाशी ताडून बघतो. मागे पत्रा टाकून वाढवलेली खोली असेल तर तिथेच अडकतं.

टॅक्सचं : जुनी करप्रणाली असेल तर राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला ३०,००० पर्यंत वजावटीला दाखवता येतं, तेही होम लोनच्या व्याजाला जी २ लाखांची मर्यादा आहे तिच्यातच. बिलं ठेवा. नवीन प्रणालीत राहत्या घराला काही नाही.

आणि कर्ज हललंच तर जुन्या बँकेने मूळ कागद ३० दिवसांत सोडले पाहिजेत, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात, डिसेंबर २०२३ पासून. कागदांची यादी आजच मागून ठेवा.

प्रश्न : आमचं घर कोरेगाव तालुक्यात गावठाणात आहे, फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. बँक तारण घेत नाही. माळवद काढून स्लॅब टाकायचाय.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा, मालकीचा नाही, म्हणून बँक मागे सरते. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड देतायत. तुमच्या गावची झालीय का ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा, झाली असेल तर ती काढून घेऊन परत बँकेत जा. नसेल झाली तर पतसंस्था किंवा सोनं, पण स्लॅबचं काम त्यावर सगळं ओढू नका, तेवढ्यासाठी पत्रिकेची वाट बघितलेली परवडेल.